तपासणाऱ्याची चौकट

शिमासान चालत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. कारण ते पावलं मोजत असत. पार्किंगपासून दारापर्यंत किती, दारापासून कॉफीच्या मशीनपर्यंत किती, सगळं पाठ होतं, तरी रोज मोजायचे. मध्येच कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर डावा हात वर करायचे, म्हणजे थांबा. मग जागेवर पोचले की मागे वळून अगदी अदबीनं ‘गुड मॉर्निंग’ परत करायचे. तोवर समोरचा माणूस आपल्या टेबलाशी जाऊन बसलेलाही असायचा. पहिल्या आठवड्यात मला हे गृहस्थ चक्रम वाटले होते. पुढे सहा वर्षं मी त्यांना गुरू मानलं. आणि मग त्यांनी माझ्या बाबतीत जे केलं, ते मला अजून पचलेलं नाही.

पूर्ण नाव शिमाबुकुरो. ऑफिसातले लोक आळसानं नुसतं ‘शिम’ म्हणत. मी ‘शिमासान’ म्हणायचे, कारण ‘सान’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘जी’, एवढं मला माहीत होतं, आणि नागपूरच्या बाईला ‘जी’ लावल्याशिवाय वडीलधाऱ्याशी बोलता येत नाही. ते मला ‘मेश्रामसान’ म्हणत. बाकीच्यांनी माझ्या वनिताचं ‘व्हॅनी’ करून टाकलं होतं. वय साठीच्या पुढे, अंगानं बारीक, बारा महिने तोच तपकिरी स्वेटर आणि टाय. सगळं ऑफिस कॉम्प्युटरवर गेलं तरी हे आपले कोपऱ्यातल्या तिरक्या टेबलावर शाईनं नकाशे काढत, आणि मालकही त्यांना काही म्हणत नसे.

आमचं ऑफिस सस्काटूनला, जमीन मोजणीचं. पोटॅशच्या खाणींचे रस्ते, गोदामं, रेल्वेचे फाटे मोजायचे आणि नकाशे काढायचे. मी पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा करून आठ वर्षं विदर्भाच्या उन्हात साइटवर उभी राहिलेली बाई. पण इथे ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून पहिलं वर्षभर मला जुने नकाशे स्कॅन करायला बसवलं. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. त्यात तीन चौकटी: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. ज्यानं त्यानं आपापल्या चौकटीत आद्याक्षरं लिहायची. वर्षभर मी दुसऱ्यांची आद्याक्षरं बघत बसले. माझी आजी अंगठा लावायची. आई चाळिशीत सही शिकली आणि मग रेशनच्या दुकानातसुद्धा पूर्ण नाव लिहायची, मागे रांग खोळंबली तरी. तेव्हा सही म्हणजे आमच्याकडे गंमत नाही. एक दिवस शिमासाननी स्वतः काढलेला नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि तपासा म्हणाले. मी तीन दिवस घेतले आणि दोन चुका काढल्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. मी इंग्रजीत व्ही. एम. लिहिलं. घरी येऊन नवऱ्याला, सुधाकरला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘दोनच अक्षरं लिहिली नं? पगार वाढला का?’ मी त्याला त्या दिवशी कालचं वरण वाढलं.

शिमासानचे नियम दोनच, पण ते दगडावरची रेघ. पहिला असा, की आकडे फार गोड जुळले तर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या मोजणीत एका खुणेपासून निघायचं, लांबी आणि दिशा मोजत गोल फिरायचं आणि परत त्याच खुणेवर यायचं. कागदावर मांडलं की सुरुवात आणि शेवट यांत थोडी फट राहतेच. वारा असतो, टेप झोळ खातो, माणसाचा हात हलतो. एकदा ऐन जानेवारीत एका पोरगेल्या सर्वेयरनं खाणीच्या रस्त्याची वही आणून दिली. फट अशी नव्हतीच. आम्ही सगळे वाहवा करतोय, तर शिमासाननी वही मिटली आणि विचारलं, ‘कॉफी कुठली प्यालास?’ पोरगा लालबुंद. उणे पस्तीसच्या थंडीत तो ट्रकमधून उतरलाच नव्हता, हीटर लावून आकडे बसवले होते. शिमासान त्याला ओरडले नाहीत. स्वतःची जाड हातमोज्यांची जोडी दिली आणि परत पाठवलं.

दुसरा नियम याहून कडक. तपासणाऱ्यानं आद्याक्षरं लिहिली की नकाशाला हात लावायचा नाही. काही बदलायचं तर आधी त्याची अक्षरं खोडा, बदला, परत तपासून घ्या. एका सीनियर इंजिनिअरनं घाईत एक आकडा सही झाल्यावर बदलला होता. आकडा बरोबरच होता. तरी शिमासाननी सगळा संच अडवून धरला, मालकापर्यंत प्रकरण गेलं. त्या मीटिंगमध्ये मी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. ते म्हणाले, की ही त्या माणसाची जीभ आहे, तिच्यात तुम्ही आपले शब्द घालू शकत नाही. मला ते इतकं भिडलं, की घरी पोरांना सांगितलं. पोरं म्हणाली, ‘ओके, मॉम.’

त्यांचा किल्ला मला डब्यामुळे कळला. मी एकदा भरली कारली नेली होती आणि ते कारलं-अंडं घेऊन बसले होते. दोघांनी एकमेकांच्या डब्यात बघितलं. मग बोलणं निघालं ते त्यांच्या गावापर्यंत गेलं. जपानच्या दक्षिणेला बेटांची माळ आहे, तिथे पूर्वी र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. त्यातल्या एका बेटावर, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, त्यांच्या गावाचा किल्ला. कुठल्या पुस्तकात नाही, मोठा राजा नाही. कोण्या गावच्या सरदारानं पोवळ्याच्या पांढऱ्या दगडात बांधलेला. सतराव्या वर्षी ते मामाच्या बीटच्या शेतावर काम करायला कॅनडातल्या अल्बर्टात आले, तेव्हा तो अर्धा उभा होता. युद्धानंतर वरचे दगड रस्त्यांना गेले होते. पायाचे थर मात्र शाबूत आहेत, असं गावातले थोरले भाऊ पत्रातून कळवत. शिमासान भावाला ‘दादा’ याच अर्थाच्या शब्दानं संबोधत, म्हणून मीही दादाच म्हणते. शिमासाननी तीस वर्षांपूर्वी दादांना एक टेप आणि एक होकायंत्र पाठवलं होतं. तेव्हापासून दर नव्या वर्षाच्या पत्रात दादा भिंतीच्या दोन-तीन बाजूंची लांबी आणि दिशा लिहून पाठवत. एवढंच का, तर पायवाट ढासळलेली, साप फार, वय झालं. त्या आकड्यांवरून शिमासान किल्ल्याचा नकाशा काढत होते. आयुष्यात दुसरा नाद नव्हता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होण्याआधी नकाशा पुरा करायचा आणि गावाला पाठवायचा, म्हणजे गेलेला किल्ला निदान कागदावर तरी खरा राहील, ही त्यांची इच्छा होती.

आमच्या मंडळाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला मी त्यांना बोलायला नेलं. बाहेर बर्फ, आत कम्युनिटी हॉलच्या बेसमेंटमध्ये साठ माणसं, पोरांची पळापळ, पोह्यांचा वास. ते आधी हॉलची लांबी पावलांनी मोजून आले. मग पंचवीस मिनिटं किल्ल्यावर बोलले. मंडळाच्या वानखेडेसाहेबांनी विचारलं, तोफा किती होत्या? शिमासान म्हणाले, एकही नव्हती. वानखेडेसाहेब आपल्या शेजाऱ्याला मराठीत म्हणाले, मग किल्ला कसला बाप्पा. मी ते भाषांतर करून सांगितलं, मला राहवलं नाही. शिमासान हसले आणि म्हणाले, आमच्या किल्ल्यात आतल्या बाजूला झाडांची एक राई असे, तिथे फक्त गावच्या बायकांनी पूजा करायची, पुरुषानं जायचं नाही. सरदारसुद्धा बाहेर उभा राहायचा. यावर बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की वानखेडेसाहेबांनी पोह्यांची दुसरी प्लेट घेतली. शिमासानना त्या दिवशी मी घरी सोडलं तर गाडीतून उतरताना म्हणाले, नकाशा झाला की तपासणार तुम्ही. मी म्हटलं, माझं भाग्य.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना नकाशा झाला. तीस वर्षांत एकेक तुकडा जोडत गेलेला, शाईचा, बघत राहावं असा. कुठेही काटकोन नाही, भिंती सगळ्या वळत गेलेल्या. तपासायचं म्हणून मी दादांच्या पत्रांतले सगळे आकडे प्रथमच एकत्र कॉम्प्युटरवर घातले. जवळजवळ तीनशे मीटरचा फेरा, सापांच्या रानातून, म्हाताऱ्या माणसानं तीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं मोजलेला. मला वाटलं होतं, सात-आठ मीटरची फट येईल आणि ती कशी वाटून टाकायची यावर आमची चर्चा होईल. फट आली वीतभर. मी धावत त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, तुमचे दादा काय ग्रेट माणूस आहेत, वीतभराच्या वर चूक नाही.

मूर्ख मी. स्वतः सहा वर्षं तोच नियम इतरांना ऐकवत होते, आणि त्या क्षणी मला तो आठवला नाही. कारण आकडे आपल्या माणसाचे होते. शिमासाननाही तीस वर्षं ते सुचलं नव्हतं, याच कारणानं. पण तेव्हा त्यांना लगेच कळलं. त्यांनी पेन ठेवलं, टोपण लावलं, आणि फक्त विचारलं, ‘नक्की?’

उपग्रहाचे फोटो तेव्हा नुकतेच कुणालाही कॉम्प्युटरवर दिसायला लागले होते. दुपारी आम्ही दोघांनी ते भूशिर शोधलं. ते होतं, पण अर्धंच. पुढचा भाग सुरीनं कापल्यासारखा सपाट, त्यावर गाड्या उभ्या करायच्या पांढऱ्या रेघा, आणि खाली मासेमारीच्या धक्क्याची लांब भिंत समुद्रात गेलेली. पाया नाही, राई नाही. शिमासान म्हणाले, ‘धक्का जुना आहे. काँक्रीट काळं पडलंय बघा.’ मग स्वेटर सारखा करून आपल्या जागेवर गेले. त्या दिवशी त्यांनी पावलं मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा न उघडता त्यांनी मला सगळं सांगितलं. दादांना फोन केला होता. धक्का बांधला तेव्हा दादाच तिथे मुकादम होते. किल्ल्याचे उरलेले थर त्यांनीच उचलायला लावले, आणि राईही त्यांनीच तोडवली. ही गोष्ट शिमासाननी टेप पाठवायच्या दोन वर्षं आधीची. गावानं दादांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. बायका त्यांच्याशी बोलत नसत, सणाच्या जेवणाला त्यांचं पान नसे. धाकट्या भावाला मात्र हे कुणी कळवलं नाही. आणि तो भाऊ कॅनडातून टेप पाठवून लिहितो, की दादा, मोजून कळव. दादांनी मग आलेखाच्या कागदावर लहानपणी पाहिलेला किल्ला आठवून आठवून काढला, आणि दरवर्षी पट्टी लावून त्या कागदावरच्या दोन बाजू मोजून पाठवल्या. शिमासान हे सांगत होते तेव्हा आवाज अगदी सरळ होता. शेवटी एवढंच म्हणाले, ‘तीस वर्षं मी विचारत होतो, आणि तीस वर्षं तो उत्तर देत होता.’

मला त्यांची इतकी कीव आली, की मीच उपाय काढला. म्हटलं, शिमासान, नकाशा फाडायचं काही कारण नाही. ज्यानं किल्ला तोडला त्याच्याच डोक्यात तो शिल्लक होता, दुसरा पुरावा जगात नाही. फक्त खाली खरं लिहा, की हे मोजलेलं नाही, आठवणीवरून काढलेलं आहे. मग मी आनंदानं तपासलं म्हणून लिहीन. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग माझ्यासमोर त्यांनी डाव्या कोपऱ्यात दोन भाषांत ओळ लिहिली: ‘आठवणीवरून. प्रत्यक्ष मोजणी नाही.’ मी ती वाचली, आणि मधल्या चौकटीत व्ही. एम. लिहिलं. त्यांनी वाकून आभार मानले. मला वाटलं, आपण आज एक चांगलं काम केलं.

त्यांची रिटायरमेंट पार्टी ऑफिसातच झाली. केक होता, मालकाचं भाषण होतं, आणि त्यांच्या बहिणीची मुलगी, एमी, लेथब्रिजहून गाडी चालवत आली होती. ती गावाला जाऊन आलेली. तिनं एक रंगीत पुस्तिका आणली होती आणि ती सगळ्यांना दाखवत होती. मामाच्या नकाशाची गावानं धातूची मोठी पाटी करून त्याच भूशिरावर, पार्किंगच्या कडेला, उभारली होती. फोटोत पहिल्या रांगेत ऐंशी पार केलेले दादा खुर्चीवर, गळ्यात फुलांचा हार, आणि मागे गावच्या म्हाताऱ्या बायका. एमी मला म्हणाली, ‘तुमचं नाव पण आहे त्याच्यावर, यू मस्ट बी सो प्राउड.’ होतं. मधल्या चौकटीत माझं व्ही. एम., पितळेत उठवलेलं. मी डावा कोपरा बघितला. कोपरा कोरा होता. मी एमीला विचारलं, वर जपानीत मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय? तिनं हौसेनं वाचून दाखवलं, की दगड उचलण्याआधी थोरल्या भावानं सगळा किल्ला मोजून ठेवला, धाकट्यानं तो काढला.

मी शिमासानकडे बघितलं. ते केक कापत होते, एकसारखे तुकडे. त्यांना कळलं, मी बघितलं ते. हात थांबला नाही त्यांचा. लोक टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या, दुसरं काय करणार. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. जुने ड्राफ्ट्समन ब्लेडच्या टोकानं शाई कशी खरवडून काढतात, की खाली कागदावर ओरखडासुद्धा दिसू नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. माझ्या सहीनंतर त्यांनी ती ओळ तशी खरवडली होती. एका आकड्यासाठी जो माणूस मालकाशी भांडला, त्यानं. सुधाकर म्हणाला, ‘तू ना फारच मनावर घेते. त्या गावात तुला कोण ओळखते?’ कोणी ओळखत नाही. म्हणून तर माझं नाव चाललं.

चार महिने मी त्यांचा फोन घेतला नाही. मग एमीनं कळवलं, की ते घर विकून तिच्याकडे लेथब्रिजला राहायला चाललेत, शुक्रवारच्या सकाळच्या बसनं. जायचं नाही असं ठरवून मी गेले. डाउनटाउनच्या बसस्टँडवर ते एक लहान सूटकेस घेऊन बसले होते, त्याच स्वेटरमध्ये. मला बघून उभे राहिले. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, ‘ओळ का काढली?’

ते म्हणाले, ‘नकाशा पाठवला तेव्हा होती. गावानं पत्र लिहिलं, की मोजणी झालेली असेल तर पाटी लावू. आठवणीतला किल्ला तर आम्हा सगळ्यांकडे आहे म्हणाले.’ म्हणून नकाशा शिमासाननी गावाकडून परत मागवला होता. मग म्हणाले, ‘पाटी लागल्यावर त्या बायकांनी दादाला जेवायला बोलावलं. बत्तीस वर्षांनी.’

‘मग माझी अक्षरं तरी खोडायची होती. मला विचारायचं होतं.’

‘खोडली असती तर तपासलेला नकाशा राहिला नसता. आणि विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.’

‘हो.’

‘म्हणून नाही विचारलं.’

बाजू मांडली नाही, माफी मागितली नाही. मला वाटतं, मागितली असती तर मी तिथेच विरघळले असते, आणि तेही त्यांना माहीत असावं. बस लागली. त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर त्यांच्या त्या सुंदर अक्षरात गावच्या कचेरीचा पत्ता लिहिलेला होता, आधीच, घरून. म्हणाले, ‘मेश्रामसान, चौकट तुमची आहे. तुम्ही त्यांना लिहू शकता. लिहू नका, असं मी सांगणार नाही.’

आणि ते चढले. खिडकीशी बसले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. मला स्वच्छ कळत होतं, ते कशाची वाट बघतायत. मी ते कार्ड समोरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं, तर तो माणूस सुखानं गेला असता. मी ते त्यांच्या डोळ्यांदेखत पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. बस वळेपर्यंत त्यांचा चेहरा काचेला होता.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. दादा त्यांच्याही मागे राहिले. पत्र मी कधी लिहिलं नाही. लिहिणार नाही, हे शिमासानना कळवलंही नाही.